जोडीदाराचा हूक

व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंना सगळे मॅडम म्हणत, आणि या मॅडमना एकाच गोष्टीचा भयंकर राग होता: लोक उशिरा येतात. नोकरी गेली, बायको माहेरी गेली, डॉक्टरांनी हात टेकले, की मग सगळं गणगोत दारात हजर. "इतके दिवस कुठे होतात?" हा प्रश्न रोज त्यांच्या जिभेवर यायचा आणि रोज त्या तो गिळायच्या. त्यामुळे समारंभांचे हॉल सजवून देणारी एक बाई जेव्हा म्हणाली की माझा भाऊ अजून कामावर जातो, पगार घरात देतो, कुणावर हात उगारत नाही, पण हल्ली दुपारीही घ्यायला लागलाय, तेव्हा मॅडमना तिला मिठीच मारावीशी वाटली. वेळेत आलेलं माणूस! केंद्राच्या पायरीवर असं माणूस क्वचित दिसतं.

भावाला घरी टिल्लू म्हणत. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा ताडमाड गडी, पण लहानपणी चिकटलेलं नाव थोडंच सुटतं. उंच इमारतींच्या बाहेरच्या काचा बसवायच्या आणि पुसायच्या, हे त्याचं काम. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या लोखंडी झुल्यावर उभं राहून करायचं. झुल्यावर माणसं दोन लागतात. दुसरे होते त्याचे भाऊजी, म्हणजे या ताईचाच नवरा.

"म्हणजे माझं दोन्हीकडून मरण," ताई म्हणाली. "आणि पुढच्या महिन्यात त्या नव्या टॉवरचं काम सुरू होतंय. मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी त्याचं टोक दिसत नाही."

मॅडमनी योजना आखली. तो टॉवरवर चढायच्या आत घरच्यांनी एकत्र बसायचं. ओरडायचं नाही, रडून भंडावायचं नाही. प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांगायची. डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवायची, कारण सवय झालेल्या शरीराची दारू डॉक्टरांना न विचारता एकदम तोडणं बरं नसतं. मग काही आठवडे जमिनीवरचं काम आणि संध्याकाळी केंद्रात बसणं. आणि हो म्हणायचं ते त्याने स्वतः. खरी मेख इथेच होती. माणूस एकदा चिडून उठला, सगळे मिळून आपल्याला घेरतात असं त्याच्या मनाने घेतलं, की पुन्हा तो त्या खुर्चीत बसत नाही. मग बसतो तो थेट सगळं संपल्यावर.

"मग आधी ट्रायल घेऊ," ताई म्हणाली. "ट्रायल घेतल्याशिवाय मी साधा पडदा लावत नाही."

सराव करणं काही वाईट नव्हतं. मॅडमनी होकार दिला, आणि टिल्लू कामावर असेल अशा एका दुपारी त्या ताईच्या घरी पोचल्या; आई आणि टिल्लूही तिथेच राहत. बघतात तर काय, बैठकीची खोली सजवून तयार. खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, आईसाठी उशी. नवऱ्याला तिने मुद्दाम रजा टाकायला लावली होती. मधल्या खुर्चीत टिल्लू म्हणून त्यालाच बसवलं.

"अहो, तो असा परीक्षेला बसल्यासारखा बसत नाही. पाय पसरा." भाऊजींनी मुकाट्याने पाय पसरले. मुळातच अबोल माणूस. मॅडम आल्यापासून त्यांनी "या" एवढंच म्हटलं होतं.

"आई, तू सुरू कर."

आईने पदर सावरला, जावयाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही हल्ली जेवायला बसत नाही."

"आई, तो टिल्लू आहे. त्याला 'तुम्ही' काय म्हणतेस?"

"अगं, जावयाला अरेतुरे कसं करू? जीभ वळत नाही माझी."

मॅडमना हसू आवरेना. आईही हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "तू जेवायला बसत नाहीस रे," असं कसंबसं म्हणून ती थांबली. खोलीतली थट्टा तिथेच संपली.

मग ताईची पाळी. "त्या स्टीलच्या बाटलीत दुपारी काय असतं तुझ्या?"

"पाणी," भाऊजी म्हणाले. टिल्लू जसा म्हणायचा तसंच, खांदे उडवून.

"खोटं."

"पाणीच." मग भाऊजींनी पसरलेले पाय जवळ घेतले आणि हाताच्या तळव्यांकडे बघत बोलू लागले. आवाज टिल्लूचा राहिला नव्हता, पण बोलत होते टिल्लूच म्हणून. "वर जाण्याआधी आम्ही एकमेकांच्या सुरक्षा-पट्ट्याचा दोराला अडकवलेला हूक ओढून बघतो. आपला आपण बघायचा नसतो, आपल्यावर आपला फार विश्वास असतो म्हणून. जोडीदाराने बघायचा. परवा दुपारी जेवून पुन्हा वर जाताना मी भाऊजींचा हूक ओढला आणि ठीक आहे म्हणालो. तो लागलेलाच नव्हता. वर गेल्यावर भाऊजींच्या लक्षात आलं. त्यांनी गुपचूप लावून घेतला. मला बोलले नाहीत. घरीही बोलले नाहीत."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हे ठरलेलं नव्हतं. हे तिला माहीतच नव्हतं.

"नव्हता लागलेला?" हा प्रश्न दारातून आला.

टिल्लू चौकटीत वाकून उभा होता, हातात ती स्टीलची बाटली. मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. घेरलेल्या माणसासाठी याहून वाईट देखावा मांडता आला नसता: अर्धगोलात खुर्च्या, मधे आपली नक्कल करणारा माणूस आणि कोपऱ्यात अनोळखी बाई. आता हा पाठ फिरवणार, आणि टॉवर तर पुढच्याच महिन्यात.

"तू इतक्या लवकर कसा?" ताईने विचारलं.

"भाऊजी रजेवर. झुल्यावर मला एकट्याला कोण चढवणार? दुसरा जोडीदार मिळेना, साहेबांनी घरी पाठवलं."

ताईने कपाळावर हात मारला. उशीपासून पडद्यापर्यंत सगळं तिच्या लक्षात राहिलं होतं, आणि नेमकं हेच राहून गेलं होतं.

टिल्लू बहिणीकडे बघतच नव्हता. "भाऊजी, खरं सांगा. नव्हता लागलेला?"

"नव्हता."

"आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा माझ्याबरोबर वर आलात?"

"आलो. पण आता तुझी पाठ वळली की माझा मी तपासतो."

शिवी घातली असती तरी टिल्लूला एवढं लागलं नसतं. मॅडमनी ते पाहिलं. समजावणीची चार वाक्यं त्यांच्या तोंडात तयार होती, ती त्यांनी तिथेच दाबली. भाऊजी उठले आणि खुर्ची त्यांनी मोकळी करून दिली. टिल्लूने एकदा बाहेरच्या रस्त्याकडे नजर टाकली. मग आत आला आणि त्या खुर्चीत बसला. पाय न पसरता.

"पाणी नसतं यात," तो म्हणाला आणि बाटली आईच्या उशीशेजारी ठेवली. "ताई, तू मघाशी विचारलंस ना."

मग तो बराच वेळ बोलला. मधेच चिडला. मॅडमना म्हणाला, "तुम्ही कोण मला सांगणार?" मॅडम म्हणाल्या, "मी काहीच सांगत नाही. तुमच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बरं व्हायला किती दिवस लागतील ते मला विचारू नका, कारण मी खोटं बोलणार नाही." त्यावर तो पहिल्यांदा किंचित हसला.

"जमिनीवरचं काम मागतो मी साहेबांकडे," शेवटी तो म्हणाला. "पण वर भाऊजींबरोबर दुसरा कुणीतरी जाईल."

"मी कशाला वर जातोय?" भाऊजी म्हणाले. "खाली काचा कापायलाही दोघं लागतात."

ताईने नवऱ्याकडे वळून पाहिलं. "अहो, तुम्ही रजा टाकली की याला घरी पाठवणार, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ज्याच्या भरवशावर लटकतो, त्याच्या पाठीमागे बोलायला बरं वाटेना."

त्या कुटुंबाला वाटलं होतं तितकं सोपं काही गेलं नाही. मधे एकदा टिल्लू घसरला, पुन्हा प्यायला, दोन संध्याकाळी केंद्रात फिरकलाच नाही, आणि भाऊजी केंद्राबाहेर उभे राहून आत निरोप देऊन गेले की तो उद्या येईल. तो आला. काचा कापून कापून दोघांचे हात खरखरीत झाले. टॉवरचं काम अर्ध्यावर आलं तेव्हा त्याला पुन्हा वर चढायला डॉक्टर हो म्हणाले, साहेबही हो म्हणाले.

दोघं पुन्हा चढणार होते त्या सकाळी मॅडम कामाला जाताना वाट वाकडी करून टॉवरपाशी गेल्या. झुला जमिनीवर टेकलेला होता. टिल्लूने आधी भाऊजींपुढे पाठ केली. त्यांनी त्याचा हूक ओढला, मान डोलावली. मग भाऊजींनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि दोन्ही हात झुल्याच्या कठड्यावर ठेवून उभे राहिले. स्वतःच्या हुकाला त्यांनी हात लावला नाही.

टिल्लूने हूक एवढ्या जोरात ओढला की भाऊजी दोन पावलं मागे धडपडले.

"पाडतोस का मला?"

"लागलाय," टिल्लू म्हणाला, आणि खात्री करायला त्याने तो पुन्हा ओढला.