पाय उचलायची जागा

चढाला लागताच गाडीनं पुन्हा तोच सूर धरला. इंजिन घसा फुटेस्तोवर ओरडत होतं आणि पुढचा गिअर काही पडत नव्हता. काकूंनी दात आवळले, पाय होता तिथंच दाबून धरला. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. शेवटी एकदाचा खाडकन धक्का बसला, गिअर पडला. शेजारी बसलेल्या काकांचा डावा हात मघापासून गुडघ्यावरून वर उचललेला होता, तो तेव्हा कुठं खाली आला.

त्या हाताचंच काकूंना सगळ्यात जास्त लागायचं.

काका पाणीखात्यात पंपावर होते. उभा जन्म त्यांनी पंपाची धडधड ऐकण्यात घालवला आणि काकूंनी शिलाई मशीनची. ही डिझेल गाडी घरात आली तेव्हाच तिची उमेद उतरणीला लागली होती. पण तिचे गिअर आपले आपण बदलायचे, क्लचची भानगड नव्हती, म्हणून तर अर्धांगाच्या झटक्यानं गाडी चालवणाऱ्या काकांची उजवी बाजू लुळी पडल्यावर साठी उलटलेल्या काकूंना ती शिकता आली. दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावायची त्यांची छाती नव्हती.

झटक्यानं काकांची वाचाही नेली. एवढा बोलघेवडा माणूस, पण चोरानं घर धुऊन न्यावं आणि एखादी वाटी उंबऱ्यात विसरावी तसा एकच शब्द मागं राहिला होता. ‘बरं.’ भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, राग आला तरी बरं. सुरावरून अर्थ काकूंनी लावायचा.

काकांना व्यायामासाठी न्यायचं ते केंद्र टेकडीवर. एकदा ही गाडी बंद पडली म्हणून भाड्याची उंच गाडी बोलावली होती. दोन धडधाकट माणसांनी काकांना पोत्यासारखं उचलून आत ठेवलं. त्या दिवशी काका संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, बरंसुद्धा म्हणाले नाहीत. या गाडीचं दार रुंद, सीट बुटकी. दारावरची मूठ धरून काका स्वतःचे स्वतः बसायचे. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत कुणाच्या हाताशिवाय त्यांनी केलेलं तेवढं एकच काम.

आणि आता लेक फोनवरून सांगत होती की गिअरबॉक्स गेलाय, जीव धोक्यात घालू नका, रविवारी एकजण गाडी न्यायला येतोय, देऊन टाका. लेकीचं काय चुकत होतं? दोन गॅरेजवाल्यांनी हेच सांगितलं होतं.

तिसरा मिस्त्री काकूंच्या एका गिऱ्हाइकीणबाईंनी सुचवलेला. चढ संपल्यावर वळणापाशी त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. माणूस पोटानं मोठा आणि तोंडानं त्याहून मोठा. काकूंनी सगळी कहाणी सांगितली, तोवर त्यानं बॉनेट उघडून गिअरबॉक्समधल्या तेलाची पट्टी बाहेर काढलीसुद्धा. पांढऱ्या फडक्यावर पुसली, नाकाला लावली.

“तेल लालच आहे, करपलेला वास नाही. पोट साफ आहे हो हिचं. जेवते बरोबर, फक्त ऐकत नाही कुणाचं. आमच्या घरीही एक आहे अशी.”

काकांच्या ओठाची एक कड हलली. काकूंनी ते पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांत ती हललेली त्यांनी पाहिली नव्हती.

मिस्त्री म्हणाला, एक चक्कर मारू, तुम्हीच चालवा, मी मागं बसतो. गाडी खाली नेऊन पुन्हा चढाला लावली. पुन्हा तेच. इंजिन ओरडायला लागलं आणि काकांचा पंजा गुडघ्यावरून वर आला. काकूंना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. त्या मिस्त्रीला आरशातून म्हणाल्या, “बघितलंत? रोज असंच. हळू, हळू. माझ्या हातावर विश्वासच नाही यांचा. एकदा तर मी बोलून गेले, भीती वाटत असेल तर डोळे मिटून घ्या.”

“मग?”

“मिटतात ना. आताही मिटलेच असतील.”

मिस्त्रीनं पुढं वाकून पाहिलं. काकांचे डोळे खरंच मिटलेले होते. तो गप्प बसला. एवढा बडबड्या माणूस गप्प बसला म्हणताना काकूंना वाटलं, संपलं, गाडी गेली. त्यानं आणखी एकदा खालून वर यायला लावलं, आणि या खेपेला त्याची नजर रस्त्यावर नव्हतीच.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “आता काकांचा हात उठला की पाय उचला. ब्रेक नको. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा हलका करा आणि पुन्हा टेकवा. बास.”

“चढावर पाय उचलू?”

“उचला तर.”

इंजिननं सूर धरला. काकांचा पंजा उठला. काकूंनी पाय हलका केला आणि गिअर असा अलगद पडला, जसं झोपलेलं मूल कुशीवर वळावं. गाडी शांत झाली. खिडकीतून झाडांची सळसळ ऐकू यायला लागली.

“ते घाबरत नव्हते हो,” मिस्त्री म्हणाला. “शिकवत होते. डोळे मिटलेले, तरी हात बरोबर जागेवर उठतो. कानानं गाडी चालवतायत काका. हा दोष आजचा नाही. कैक वर्षांचा असणार. हे पाय उचलून निभावत होते, म्हणून घरात कुणाला पत्ता लागला नाही.”

काकूंनी गाडी कडेला घेतली. काका डोळे उघडून समोर बघत होते.

“असं होतं होय?” काकूंनी विचारलं.

“बरं,” काका म्हणाले. शाळेतल्या मास्तरांनी उशिरा उत्तर देणाऱ्या पोराला म्हणावं, तसं.

गॅरेजमध्ये मिस्त्री गाडीखाली शिरला. इंजिनावर किती जोर पडतोय हे गिअरबॉक्सला एका बारीक नळीतल्या हवेच्या ओढीवरून कळतं, असं तो खालूनच सांगत होता. नळी कुठं फुटली असेल तर गिअरबॉक्सला वाटतं, सदा जोरच चाललाय, आणि तो पुढचा गिअर रोखून धरतो. मग त्याचं बोलणं थांबलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या काळ्या बोटांत रबरी नळीचा वीतभर तुकडा होता. मधे चीर गेलेली, आणि चिरेवर दोरा गुंडाळलेला. दाट, एकसारखा, वेढ्याला वेढा चिकटवून, वरून मेणाचा हात फिरवलेला. मेण आता भुगा झालं होतं, दोरा सैलावला होता.

“हे मिस्त्रीचं काम नाही. आम्ही असलं जीव लावून करत नाही.”

काकूंनी तो तुकडा हातात घेतला, पदरानं पुसला. काजळीखालून निळा रंग डोळे उघडू लागला. तो त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला? एका लग्नघरच्या कपड्यांसाठी मुद्दाम मागवलेलं निळं रीळ अर्ध्यातून गायब झालं होतं. त्यांनी सगळं घर पालथं घातलं होतं, आणि काकाही त्यांच्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होते, लबाड. मशीन चालवताना काकू तेव्हा गुणगुणायच्या, ते आपसूक ओठांवर आलं.

सुई पुढं पुढं जाते, दोरा मागनं चालतो
फाटलेलं सांधताना कोण कुणाशी बोलतो

थोडं दोऱ्यानं, थोडं पायानं. एवढी वर्षं या माणसानं गाडी अशी ओढली होती आणि शेजारी बसलेल्या आपल्याला एक हिसका लागू दिला नव्हता. आपण खिडकीबाहेर बघत डुलक्या काढत होतो.

मिस्त्रीनं नवी नळी बसवली, केबल तपासली, एकट्यानं चक्कर मारून आला. रविवारच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवा म्हणाला. काकूंनी दोन्ही हात जोडले तर तो अवघडला. “मला कशाला? मी नळी बदलली. निदान तर काकांचं.” जुना तुकडा टाकून देऊ का, असं त्यानं विचारलं, पण काकूंची मूठ मिटलेलीच होती.

काकांनी दारावरची मूठ धरली, स्वतःचे स्वतः बसले.

उताराचा रस्ता संपला, पूल ओलांडून घराकडचा छोटा चढ लागला. इंजिननं आवाज चढवायला घेतला आणि चढवायच्या आतच गिअर पडला, नव्या नवरीसारखा पाय न वाजवता. काकांचा हात गुडघ्यावरून जेमतेम सुटला होता. तो तसाच मधे थांबला. जरा वेळ हवेत राहिला आणि खाली आला. त्यांनी तो उलटा करून पाहिला. पंपावरची शेवटची पाळी संपवून आले होते, त्या संध्याकाळी पाहिला होता तसा.

काकूंनी ते पाहिलं. 

पुढं चौक. तिथून घरापर्यंत शेवटची चढण. काकूंनी चौकापासूनच पाय असा बेतानं दाबत नेला की आवाज वाढावा आणि गिअर मात्र अडून राहावा. नजर रस्त्यावर, कान इंजिनावर, आणि डोळ्यांच्या कडेला तो हात. बऱ्याच वेळानं तो उठला. काकूंनी पाय उचलला.

गिअर पडला.

“बरं,” काका म्हणाले, आणि मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागले.