सातापासून सुरू झालेली संख्या

“भागला का बे?” वजनकाट्याच्या खोलीतून बंकट ओरडला.

“न्हाई. बाकी उरली!” मी बाहेरून सांगितलं.

“मंग ऱ्हाऊ दे जित्ता!”

त्या वर्षी दुष्काळानं शिवारात ऊसच ठेवला नव्हता. आमच्या सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंड होतं. बंकट आणि मी काट्यावरचे कारकून. गाड्या येवोत न येवोत, हजेरी चुकायची नाही. तेव्हा बंकटनं हा खेळ काढला. सातापासून सुरुवात करायची आणि उजवीकडे एकेक अंक जोडत जायचं. मात्र होणारी प्रत्येक संख्या मूळ हवी. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही तिला पूर्ण भाग जाता कामा नये. सात, त्र्याहत्तर, सातशे एकोणचाळीस. काट्याच्या लोखंडी पाटावर उकिडवे बसून आम्ही खडूनं भागाकार करायचो. हिशेबनीस अर्जुनराव जाता-येता म्हणायचे, “पाऊस पाडतो का बघा तुमचा आकडा!”

गुरं छावणीत गेली होती, घरी पाण्याची बोंब होती. तरी खोटं कशाला बोलू, ते दिवस मला अजून हवेसे वाटतात.

संख्या वाढली तसा एकेक अंक महिने खाऊ लागला. अखेर आठ अंक झाले : ७३९३९१३३. शेवटचा अंक बोटानं झाकला तरी उरलेली संख्या मूळच. आणखी एक झाका, तरी मूळच. बंकट असा झाकत झाकत सातापर्यंत यायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

नववा अंक शोधत असतानाच त्याचं पोटाचं दुखणं बळावलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून त्याचा निरोप यायचा, “फुडं गेला का?” डॉक्टरांनी आशा सोडलीय, हे त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, मला हळूच सांगितलं होतं. मी एकट्यानं भागाकार पुरे केले आणि एसटी धरली. खोटं सांगावं असं वाटेत कितीदा तरी मनात आलं. पण बंकट खाटेवरही भागून बघितल्याशिवाय राहिला नसता.

“सम आकडे आन् पाच तर आपल्या कामाचेच न्हाईत,” मी म्हणालो. “एक न्हाईतर सात जोडला की तिनानं भाग जातो. तीन आन् नवासंगं लई झुंजलो, तेबी फुटले. आता फुडं जात न्हाई, बंकट.”

छबुबाईचे डोळे भरले. “हे आत्ताच कावून सांगता, भावजी?”

बंकटनं बोटांवर आठही अंक मोजले. मग हसला.

“रडतीस कावून? आडला न्हाई त्यो, पुरा झाला.” त्यानं मान माझ्याकडे वळवली. “बद्री, आता तिनापासून लावू. ल्ही.”

मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावर तीन लिहिला. “फुडं काय घालू?”

त्यानं डोळे मिटले होते. ओठ तेवढे हलत होते. मला घरी नेणारी धारूरची शेवटची एसटी निघून गेली, तरी मी पेन धरून तसाच बसून होतो.