झेलीच्या थडग्याकडची नवी जमीन

आमच्या आनातोलला कुणी सांगावं आणि त्यानं ऐकावं, असं कधी झालं नाही. मी थोरली बहीण, पण माझंसुद्धा नाही.

सरकारी माणसं मिसिसिपी नदीचा गाळ उपसून पाइपानं आमच्या बुडत्या दलदलीत ओतत होती, गेलेली जमीन परत आणायला. आणा की! पण त्यात झेलीच्या थडग्याकडची खाडी बुजली. झेली म्हणजे आनातोलची बायको. सर्व संतांच्या सणाआधी तो दरवर्षी होडीनं जाऊन तिच्या थडग्याला चुना लावायचा. यंदा होडी जाईना, आणि जमीन अजून जमीन झाली नव्हती. कामावरच्यांनी बांधावर धोक्याचे लाल बावटे रोवले होते.

"सणाला सगळी थडगी पांढरीशुभ्र, आणि माझ्या झेलीचं काळं?"

"गवत उगवू दे की मेल्या! झेली कुठं पळून चाललीय?"

"तू बस, तायडे. मी चाललो."

चुन्याची बादली घेऊन निघालाच. मी शिव्या घालत मागोमाग. बांधापर्यंत होडीनं गेलो, पुढं पायी. दुपारच्या जेवणासाठी पाइप बंद होता. वरून गाळ वाळून तडकला होता, पण त्यावर एका पक्ष्याचं पाऊल नव्हतं. मला काही ते बरं दिसेना.

आनातोलनं पाय टाकला, तशी सगळी जमीन थरथरली. तो हसला. "बघ, आपल्या पाण्यावर तरंगत्या गवताच्या रानासारखंच! जन्मभर चाललो त्याच्यावरून, कधी बुडालो का?"

"अरे, तिथं खाली मुळांची चटई असते! इथं काडी तरी आहे का?"

उत्तर द्यायला वळला आणि कमरेपर्यंत आत गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

होडीतली फळी आणून मी तिच्यावर पालथी पडले, त्याचा हात धरला. तोवर गाळ छातीला आला होता.

"बादली धर आधी."

"चुलीत घाल ती बादली!" मी रडत होते.

तेवढ्यात पाइप घरघरला. जेवण आटोपलं होतं त्यांचं. बांधापलीकडून आम्ही कुणाला दिसत नव्हतो. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, पण पंपाच्या मोटारीपुढं काय ऐकू जाणार? करडं पाणी पसरत आमच्याकडं यायला लागलं. सावकाश.

"तायडे, सोड हात."

"गप्प बस."

"अगं, तूही येशील माझ्याबरोबर."

"गप्प बस म्हटलं ना!"

पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. माझ्याखालची फळी सरकली.

मी नाही सोडला हात. त्यानं सोडवून घेतला.