शेहेचाळिसाव्या वर्षी डोईवर कापड

"परत घसरलं!" कपाळावर आलेलं कापड ओटिलीने वैतागून ओढून काढलं. "सातव्यांदा!"

"आठव्यांदा," दारात बसून सफरचंद खाणारी कुनिगुंड म्हणाली. "आण इकडे, मी बांधते."

"हात लावशील तर बघ! माझं मीच बांधणार."

आता काय म्हणावं या बाईला! न्युरेंबर्गच्या नदीवर तीस वर्षं या दोघी मैत्रिणींनी लोकांची धुणी धुतली. गावच्या बायकांची डोईची कापडं म्हणजे ओटिलीचा हातखंडा. कुठलं कोळणीचं आणि कुठलं पावाच्या भट्टीवालीचं, हे ती नुसत्या वासावरून सांगायची. पण डोईवर कापड बांधायचं ते लग्न झालेल्या बाईने. ओटिली आपली पिकल्या वेण्या घेऊन चर्चमध्ये मागे पोरीसोरींत उभी राहायची, आणि बाकांवरच्या बायका वळून वळून हसायच्या.

गुरुवारी पिंपं बनवणाऱ्या फाइटशी तिचं लग्न झालं. आज पहिला रविवार. आज ती बायकांच्या बाकावर बसणार होती. तिथे सगळ्यांसमोर कापड सुटलं असतं, तर मरेपर्यंत कुणी तिला सोडलं नसतं.

घंटा वाजू लागली. बाहेरून फाइट ओरडला, "अगं, आटप की! पिंपाला कडं चढवायलाही मला एवढा वेळ लागत नाही!"

"तुमचं पिंप मान हलवत नाही!"

कुनिगुंड हसून हसून लोळायचीच बाकी राहिली. हसता हसता ओटिलीची नजर कोपऱ्यातल्या लाकडी डोक्यावर गेली. खळ दिलेली कापडं ती त्याच्यावरच चढवायची, चुण्या पाडायची.

"अगं बाई! मी पण मुलखाची वेडी!"

तिच्या हातांना सवय समोरून बांधायची. स्वतःच्या डोक्यावर सगळंच उलटं होत होतं. तिने कापड ठोकळ्यावर टाकलं. चार चुण्या, दोन टाचण्या, मागे गाठ. मग सबंध बांधलेलं कापड अलगद उचलून टोपीसारखं डोक्यात घातलं, वेण्या आत कोंबल्या आणि मान गदागदा हलवली. कापड जागचं हललं नाही.

"सटवे!" कुनिगुंड डोळे पुसत म्हणाली. "आणि आम्ही रोज सकाळी स्वतःच्या डोक्याशी मारामारी करतोय!"

चर्चमध्ये ओटिली थेट पुढे गेली. बाकाच्या टोकाला भट्टीवाली आपोलोनिया बसली होती. तिने ओटिलीच्या डोईकडे या कानापासून त्या कानापर्यंत निरखून पाहिलं.

"कुणी बांधून दिलं गं?"

"कोण देणार? मीच बांधलं."

"माझं कधी असं बसलं नाही बाई," आपोलोनिया पुटपुटली आणि घागरा आवरून सरकली. "बस."

ओटिली बसली. आनंदाने तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू.

त्या दिवशी प्रवचन फार लांबलं. बायका चुळबुळू लागल्या, कुणी जांभया दिल्या. ओटिली ताठ बसून मनातल्या मनात म्हणत होती, 'लांबू दे बाबा, अजून लांबू दे.'