हुंदक्यानंतरचे चार सेकंद

रेकॉर्डिस्टला बायकोचं हसू शेवटपर्यंत सापडलं नाही. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. खुद्द रेकॉर्डिस्टनेही तसंच समजायचं ठरवलं होतं, आणि त्या सकाळी तो जेवणाचा डबा, चष्मा आणि भलताच आत्मविश्वास घेऊन स्टुडिओकडे निघाला.

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी टीव्हीवर एक सिनेमा लागला होता. नायिका नवऱ्याच्या चपला छातीशी धरून रडत होती. रेकॉर्डिस्टची नऊ वर्षांची लेक गणिताच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, "आई आली."

खरंच आली होती. पडद्यावरची बाई दुसरी होती, रडणं मात्र लेकीच्या आईचं. बऱ्याच नट्या दिसायला छान रडतात, पण ऐकवत नाही. म्हणून डबिंगमध्ये त्यांच्या तोंडी हिचा हुंदका घालायचे. धंद्यात तिला सगळे हुंदकाताई म्हणत. बारा वर्षांत ती अडतीस नायिकांच्या, चार सासवांच्या आणि एका घोडीच्या वतीने रडली. घोडीच्या वेळी दिग्दर्शक म्हणाला होता, "ताई, जरा कमी माणसासारखं." तिने तसं केलं. थिएटरात दारावरचा पोलीससुद्धा रडला.

सहा वर्षांपूर्वी ती आजारपणात गेली. लेक तेव्हा तीन वर्षांची होती.

"बाबा, आई नेहमी रडायची का रे?"

"छे! उलट. भयंकर हसायची."

"कशी?"

"उद्या आणतो," तो म्हणाला. दूध आणतो म्हणावं तसं.

स्टुडिओच्या स्टोअरमध्ये तिच्या दोनशे बारा फायली निघाल्या. 'विधवा, तरुण, ओलं, चार.' 'आई, स्टेशनवर, दाबून.' 'घोडी, अंतिम.' कानाला हेडफोन लावून त्याने एकेक ऐकायला घेतली. दुपारपर्यंत बायको एकशे तीस वेळा रडली आणि एकदाही हसली नाही.

खरं तर ती प्रत्येक वेळी हसली होती. हुंदका संपला की चार सेकंदांच्या आत. काचेपलीकडे हा बटणं फिरवत सुतकी चेहऱ्याने बसलेला दिसायचा, आणि तिला राहवायचं नाही. "अरे, मेली ती घोडी! तुझी कोण लागत होती?" हा मात्र कामाला चोख. धंद्यात हुंदक्यानंतर उरलेल्या आवाजाला शेपूट म्हणतात, आणि शेपूट जागच्या जागी कापायची असते.

"माझं हसू कुठे टाकतोस रे?" तिने एकदा विचारलं होतं.

"कचऱ्यात."

"जपून हं. कचरा हसायला लागेल."

यावरही ती हसली होती. तेही त्याने कापलं होतं.

"साहेब, तुमच्यासारखं स्वच्छ काम कुणाचं नाही बघा," स्टोअरवाल्या बाई कौतुकाने म्हणाल्या. "बाकीच्यांच्या फायलींत खोकला, शिव्या, चहाचे घोट, काय वाटेल ते सापडतं. एकाच्या फायलीत तर घटस्फोट आहे अख्खा. तुमच्यात म्हणून काही सापडायचं नाही!"

रेकॉर्डिस्टने डबा न उघडताच पिशवीत टाकला.

घरी तरी काही असेल की, असं कुणालाही वाटेल. पण फोनवरचं रेकॉर्डिंग म्हणजे आवाजाचा खून, हे त्याचं मत. घरात कुणी फोन समोर धरला की तो खाली करायला लावायचा. "एक दिवस चांगला माइक आणतो, मग हवं तेवढं हस." लग्नाच्या व्हिडिओत गोंगाट फार होता, म्हणून तो पुसून त्याने तिथे बासरी लावली होती. सबंध लग्नात सगळी माणसं तोंडं हलवतात आणि बासरी वाजते.

आता एकच आशा उरली होती. तिचा सगळ्यांत गाजलेला हुंदका एका जुन्या सिनेमात, चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला होता. त्या वेळी ती इतकी लवकर हसली होती, की कात्री अगदी कडेने चालवावी लागली होती. हसण्याआधीचा श्वास कदाचित राहून गेला असेल. सिनेमा एका थिएटरात पुन्हा लागला होता. रविवारी दुपारी तो लेकीला घेऊन गेला. दारावरचा माणूस तिकिटाबरोबर माणशी दोन कागदी रुमाल देत होता. लेकीला बघून त्याने तिसरा दिला.

ब्याण्णवाव्या मिनिटाला लोकांनी चष्मे काढले. चौऱ्याण्णवाव्याला आई आली. सगळं थिएटर गदगदलं. आणि हुंदक्याच्या अगदी टोकाला, चिमटीत मावेल एवढा, एक श्वास आत गेला.

"ऐकलंस?" त्याने लेकीचा हात दाबला. "हा रडण्याचा नव्हे. आता ती हसली!"

"कुठे हसली?"

"मी कापलं."

लेकीने जरा विचार केला. "केवढं होतं?"

"चार सेकंद."

"मग तू करून दाखव ना."

आणि चारशे माणसं ओक्साबोक्शी रडत असताना रेकॉर्डिस्ट बायकोसारखा हसला. आधी हळू. जमलं नाही, म्हणून मोठ्याने. मग आणखी वरच्या पट्टीत.

"अहो, माणूस आहात की कोण!" मागच्या रांगेतली बाई ओरडली. "ती तिथे मरतेय!"

"मेलीच आहे हो," तो म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. गालांवरून पाणी ओघळत होतं, त्यामुळे स्वर सारखा घसरत होता. दारावरच्या माणसाने दंडाला धरून दोघांनाही बाहेर आणलं.

पायऱ्यांवर लेक त्याच्याकडे बघत बसली.

"आई अशी नव्हती हसत."

"तुला काय माहीत?"

"अशी हसली असती तर तू लग्नच केलं नसतंस."

बरोबर होतं. त्याने तिच्या वाट्याचा रुमाल मागून घेतला. ती म्हणाली, "मला आईच्या हसण्यातला फक्त श्वास माहितीये म्हणजे." घरी येऊन त्याने सिनेमाच्या वितरकांना अर्ज लिहिला.

"महोदय, सदर चित्रपटाच्या सर्व प्रतींत, चौऱ्याण्णवाव्या मिनिटाच्या हुंदक्यानंतर चार सेकंदांची जागा नव्याने सोडण्यात यावी. त्या अवधीत पडद्यावर चित्र नसावे व पार्श्वसंगीत वाजवू नये. तसेच प्रेक्षकांना लेखी सूचना देण्यात यावी, की या चार सेकंदांत कृपया कोणीही रडू नये; येथे एक बाई हसत आहे."