खालचा कप्पा

मी इनक्युबेटर बोलतोय. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला एक उबदार कपाट असतं ना, तेच मी. आता वायर गुंडाळून मला जिन्याखाली ठेवलंय. आत सगळं गार पडलंय, तरी माझ्या दारावर अधूनमधून दोनदा टकटक होते. बाहेर कुणीच नसतं.

तसं दार वाजवायची सवय एकीलाच होती. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना प्रयोगशाळेच्या सरांच्या मागे लागून ती संशोधन शिकायला आली. मला उघडायच्या आधी दोनदा वाजवायची.

"आत पाहुणे राहतात का गं?" थोरला संशोधक चिडवायचा. त्याला सगळे दादा म्हणत. तिचं नावच टकटक पडलं. मला मात्र ते आवडायचं. बाकीचे धाडकन दार ओढायचे.

आमच्याकडे वरचे कप्पे मोठ्यांचे आणि तळाचा पदवीच्या मुलांचा. माझ्या दाराचं रबर नेमकं खालीच झिजलं होतं, तिथून गार हवा आत शिरायची. वर सदतीस अंश, तळाला जेमतेम तेहतीस. दारावरचा लाल आकडा वरच्या कप्प्याचा होता. तळाला एक थर्मामीटर होता; तो वाचून दारावरचा तक्ता रोज भरायचा, असा नियम. पण वाकणार कोण? सगळे लाल आकडा बघून ३७ लिहून मोकळे व्हायचे. खोटं कशाला सांगू, टकटकही तेच करायची.

तिच्याकडे एक जंतू होता. सदतीस अंशांना तो मरायला हवा होता, पण तिच्या काचेच्या बशीत तो मजेत वाढला. एकदा नाही, तीनदा. सर खूश झाले. मग दादानं तोच प्रयोग वरच्या कप्प्यात करून पाहिला. बशी कोरी. परत केला, परत कोरी.

"आकडे रचलेस का?" सरांनी तिला माझ्यासमोरच विचारलं.

"नाही हो सर. आईची शपथ, दिसलं तेच लिहिलं."

"मग आम्हाला का नाही दिसत?"

उत्तर माझ्या पोटात होतं, पण मी बोलणार कसा? तिनं आपल्या बशा काढून घेतल्या, दार हळूच लावलं आणि पुन्हा आली नाही. तेव्हापासून ती टकटक माझी पाठ सोडत नाही.

चार वर्षांनी एक नवी मुलगी आली. इथं जागा मिळावी म्हणून तिनं कितीतरी प्राध्यापकांचे उंबरे झिजवले होते. दादानं तिला तक्ता भरायला सांगितलं. ती फरशीवर बसली, तळाशी डोकं घातलं आणि ३३ लिहिलं.

"अगं, सदतीस लिही," दादा म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात घोळ नको घालूस. सर काढून टाकतील."

तिचा चेहरा उतरला.

"पण दादा, तेहतीसच आहे. तुम्हीच बघा ना वाकून."

दादा वाकला. बराच वेळ उठलाच नाही.

"ती बशा खालीच ठेवायची," तो पुटपुटला.

"कोण?"

तो थेट सरांच्या खोलीत गेला.

सरांनी नवीला काढलं नाही. मला काढलं. टकटकला त्यांनी फोन लावला, तर नंबर बदललेला. पत्र टाकलं, ते परत आलं. ते पाकीट अजून त्यांच्या टेबलावर आहे म्हणे.

उद्या भंगारवाला येईल. तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं यंत्र असेल, तर नुसता दारावरचा आकडा वाचू नका, जरा वाकून आत बघा.

आणि दार उघडायच्या आधी दोनदा वाजवणारी कुणी कुठं भेटली, तर तिला माझा एवढा निरोप द्या. तुझ्या बशा खऱ्या होत्या, बाळ. खोटा मी होतो.