एक्क्याण्णव टक्के सहभाग

'प्रस्तावित रस्त्याच्या निर्णयात स्थानिक महिलांचा सहभाग एक्क्याण्णव टक्के,' असे अहवालाच्या मुखपृष्ठावरच छापले होते. सहभाग म्हणजे काय, हे मात्र त्या चकचकीत कागदांत कुठेच नव्हते. किती जणींनी प्रश्न विचारला, किती जणींनी नकार दिला, यासाठी रकानेच नव्हते. रकाना एकच: सही. जे मोजता आले तेवढेच घडले, अशी ज्यांची श्रद्धा असते, त्यांना तो पुरतो.

सह्या द्वारकाने आणल्या होत्या. सतरा वर्षे ती महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची समूह संघटिका होती. नेमणूक करारावरची, दर वर्षी नव्याने मिळणारी. खराडीत आयटी पार्ककडे जाणाऱ्या रस्त्यासाठी तिने रिक्षातून पुकारा करून सभा बोलावली. चौघे आले, त्यांतले दोघे उन्हातून सावलीला.

"द्वारकाबाई, आपल्याकडे आकडा मागितलाय," साहेब म्हणाले होते. "माणसं आणायला कोणी सांगितलं?"

तेव्हा तिला जानेवारीतली वही आठवली. बचत गटांच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलचा डबा देताना प्रत्येकीची सही घेतलेली. वहीचे पहिले पान तिने बदलले, नव्या पानावर रस्त्याचा प्रश्न लिहिला, आणि लोकशाही संपन्न झाली.

आज सुनावणी होती. टेबलापलीकडे मथुराबाई बसल्या होत्या. त्यांची पिठाची गिरणी रस्त्याच्या आखणीत जात होती, आणि त्या गिरणीवाचून त्यांना दुसरा आधार नव्हता. अहवाल तयार करणाऱ्या कंपनीच्या ऋषीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"आजी, ही तुमची कन्सेंट. सही तुमचीच ना?"

"हाय की. माजीच."

"मग ऑब्जेक्शन कसलं?"

"सही करताना रस्ता दिसला नाही वाटतं आपल्याला?" साहेबांनी विचारले.

मथुराबाईंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. झाकणावरचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता.

"धनी गेल्याला बावीस वर्सं झाली, सायेब. तवापासनं हळदीकुंकवाला मला कुनी हाक मारली न्हाई. या बाईनं दारात येऊन मारली. म्या म्हनलं, मी रांडमुंड, माजं काय काम तितं? तर हाताला धरून नेलं. वाण दिलं, सही घेतली. रथसप्तमी व्हती. असलं इसरंल का कुनी?"

ऋषीने पडद्यावर तारीख पाहिली. अहवालातली जनसभा त्याच दिवशीची होती. त्याने लॅपटॉप हळूच स्वतःकडे वळवला.

"डब्याचं काय घेऊन बसलात!" साहेब द्वारकाकडे वळले. "सांगा यांना. रस्त्याचा प्रश्न वाचून दाखवला होता ना आपण?"

मान हलवली असती तरी भागले असते. त्या कार्यालयात सतरा वर्षे मानेकडून एवढीच अपेक्षा होती. द्वारका डब्याकडे पाहत राहिली. तिने भरवलेल्या शेकडो सभांपैकी एकही कोणाच्या लक्षात राहिली नव्हती. राहिले होते ते हे एकच बोलावणे, आणि तेच तिने विकले होते.

ती उठून उभी राहिली. टिपणी घेणाऱ्या कारकुनाने तिचा जबाब जसाच्या तसा उतरवून घेतला:

"सह्या खऱ्या आहेत. प्रश्न मी मागाहून लिहिला."